जिवंत लेकीच्या दशक्रियेला नकार: नाशिकमधल्या एका बहिष्काराचा प्रकरण अभ्यास

नाशिकमध्ये पालेभाजी विकणाऱ्या एका विधवा बाईला तिच्या जमातीच्या पंचांनी दोन गोष्टी फर्मावल्या. लाखाच्या वर दंड भरायचा, आणि दुसऱ्या जातीत लग्न केलेल्या मुलीची रामकुंडावर दशक्रिया करायची. ती मुलगी तेव्हा रोज सकाळी डबा घेऊन कामावर जात होती. दंड भरायला बाई निघाली होती. दशक्रियेपाशी ती थांबली. तिथून पुढे सगळी जमात एका बाजूला आणि तिचं घर दुसऱ्या बाजूला, असा सामना सुरू झाला.

देवावर भरवसा ठेवा, असं आपण अडचणीतल्या माणसाला सांगतो आणि आपल्या घरी निघून जातो. त्या भरवशाच्या बळावर माणूस पुढे काय करतं, कुठे डगमगतं, कोणाची मदत घेतं आणि काय गमावतं, हे या प्रकरणात उघड दिसतं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. बहिष्कृत कुटुंबांच्या सोबत उभं राहायचं काम मी करते. मी स्वतः माळकरी घरातली आहे, हेही वाचकाला ठाऊक असावं. बाईंना इथे मावशी म्हणते, गल्लीत सगळे तसंच म्हणतात. त्यांच्या संमतीने हे लिहिलं आहे. जमातीचं, वस्तीचं आणि पोलीस ठाण्याचं नाव दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

घर, धंदा आणि बोर्डावरची नोटीस

मावशींनी पन्नाशी ओलांडली आहे. नवरा सातपूरच्या एका कारखान्यात हेल्पर होता, तो गेला तेव्हा धाकटा मुलगा शाळेत होता. घरात थकलेली सासू, दोन मुलगे, एक मुलगी. संध्याकाळी दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात पालेभाजीचा लिलाव लागतो. कोथिंबीर, मेथी, शेपू जुड्यांच्या शेकड्यावर बोलली जाते. मावशी तिथून माल उचलायच्या आणि जमातीतल्या आणखी काही बायकांसोबत टेम्पो वाटून घरी आणायच्या. बुधवारी गंगेवरचा बाजार, बाकीचे दिवस कॉलन्यांमधून हातगाडी. (नाशिककराला गोदावरी म्हणजे गंगाच, तिला दुसऱ्या नावाने हाक मारणारा बाहेरगावचा समजावा.) माहेर वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपास, आणि पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांची वारी. नवरा गेल्यावरही त्यांनी ती चुकवली नाही.

मुलगी नर्सिंग शिकली, एका दवाखान्यात लागली आणि तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न ठरवलं. दोघांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायचं ठरवलं. या कायद्यात लग्नाआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. जमातीतल्या कुणीतरी ती वाचली. मुलीने आईला सांगायच्या आधी पंचांना कळलं होतं. आंतरजातीय लग्न करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्यातली ही एक पायरी त्यांच्याच विरोधात जाते, हे मी अनेक प्रकरणांत पाहिलं आहे आणि दर वेळी मला त्याचा संताप येतो.

मावशींना लग्न पसंत नव्हतं. हे लपवायचं कारण नाही. त्या चार दिवस मुलीशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी तिच्या आवडीच्या कोथिंबीरवड्या करून दिल्या आणि म्हणाल्या, "तू सुखात राहा, मला थोडा वेळ लागंल." लग्नाला त्या गेल्या नाहीत, पण आशीर्वाद दिला.

पंचांची बैठक

लग्नानंतर महिनाभरात बैठक बसली. पंचांमध्ये मावशींचे सख्खे दीर होते. बैठकीची रीत अशी, की आधी देवाचा भंडारा मध्ये ठेवायचा, दोषी ठरवलेल्याने बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायची, मग पंच निवाडा सांगणार. बायकांनी तिथे बोलायचं नसतं, म्हणून मावशींच्या वतीने मोठा मुलगा उभा राहिला. निवाडा झाला: दंड, समाजाला जेवण, आणि मुलगी मेली असं जाहीर करून तिची दशक्रिया. "तोवर या घराशी रोटी बंद, बेटी बंद, उठबस बंद. मयतीला खांदाही नाही." शेवटी मुलाकडून एका कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही घेतली.

निवाड्याच्या तळाशी एकच वाक्य होतं आणि ते दिरांनी दोनदा उच्चारलं: "पंचमुखी परमेश्वर." पंच बोलले म्हणजे देव बोलला. जातपंचायतीचं सगळं बळ या वाक्यात आहे असं माझं मत आहे. त्यांच्याकडे पोलीस नाहीत, तुरुंग नाही. लोकांनी हे वाक्य खरं मानलं तरच निवाडा चालतो. पंचांच्या विरोधात गेलो तर देव कोपेल, लेकरं मरतील, घरात वेडसर मूल जन्माला येईल, ही भीती पिढ्यानुपिढ्या साठवलेली असते. म्हणून अशा प्रकरणात विरोध किती माणसांचा आहे हे मोजून भागत नाही. समोरचा माणूस देवालाच आपल्या बाजूला बसवून घेतो आणि एकट्या पडलेल्याला दोघांशीही लढावं लागतं.

नाशिकला हे नवीन नाही. २०१३ मध्ये याच शहरात आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्या बापाने खून केला. त्यातून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने (अंनिस) 'जातपंचायतीला मूठमाती' ही मोहीम सुरू केली. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तरी कार्यकर्त्यांनी ती पुढे नेली. त्याही मागे जायचं तर २ मार्च १९३० ला पंचवटीत काळाराम मंदिराच्या बंद दारांपुढे हजारो माणसं येऊन उभी राहिली. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा आणि दादासाहेब गायकवाडांनी चालवलेला तो सत्याग्रह पाच वर्षं चालला, दारं उघडली नाहीत, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. बाबासाहेबांसाठी तो लढा देवदर्शनाचा नव्हता, माणसाच्या बरोबरीच्या हक्काचा होता, हे त्यांनीच स्पष्ट केलेलं आहे. मावशींचा मार्ग वेगळा आहे, त्या देवाला धरूनच लढल्या. पण देवाचं नाव घेऊन दार लावून घेणारे हात दोन्हीकडे सारखेच आहेत.

दंड भरायला निघालेली बाई

बैठकीनंतर मावशी खचल्या. मोठ्या मुलाचं म्हणणं होतं की दंड भरून मोकळं व्हावं. धाकट्याची सोयरीक ठरलेली होती, ती मोडली असती. मावशींनी मंगळसूत्राच्या वाट्या आणि दोन पाटल्या काढल्या आणि सोनेतारण कर्ज देणाऱ्या दुकानाची पायरी चढल्या. कर्जाचा कागदही तयार झाला. दशक्रियेचं काय करायचं, हे मात्र ठरत नव्हतं. दिरांनी सुचवलं, "वहिनी, नावापुरतं करायचं. भटजीला सांगायचंच नाही कोणाचं आहे ते. पिंड ठेवला की झालं."

त्या रात्री काय झालं ते मावशींनीच मला सांगितलं. झोप येईना, म्हणून त्या हरिपाठ म्हणत बसल्या, आणि म्हणता म्हणता त्यांच्या मनात आलं की हे सगळं देवाच्या नावानं चाललंय खरं, पण देवाला कुणी विचारलंय का? सकाळी दिरांना त्यांनी निरोप पाठवला: "भाऊजी, पैशाचं बघू. पण जिवंत लेकीच्या नावानं पिंड ठेवला तर उद्या पांडुरंगाला काय तोंड दाखवू? परमेश्वर पंचांच्या तोंडी आहे म्हणता, तर माझ्या तोंडी रोज कोण असतो?"

हा निरोप म्हणजे जमातीत स्फोट होता. त्यात शिवी नव्हती, धमकी नव्हती, कायद्याचं नावही नव्हतं. एका बाईने देवाशी आपलं सरळ नातं आहे एवढंच सांगितलं होतं, आणि पंचांना नेमकं तेच सोसवत नव्हतं.

तेव्हा दंडाला मात्र त्यांची हरकत नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. भक्त माणूस पहिल्या दिवसापासून खडकासारखा उभा असतो, असं आपण पोथ्या ऐकून समजतो. मावशींचा भरवसा टप्प्याटप्प्याने वाढला, आणि दंडाच्या बाबतीत तो पक्का व्हायला पौष उजाडावा लागला.

त्र्यंबकच्या वाटेवर

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांच्या समाधीची यात्रा भरते. जिल्ह्यातून आणि बाहेरूनही शेकडो दिंड्या येतात. नाशिकपासून अंतर तीसेक किलोमीटर. थंडी कडाक्याची असते आणि लोक पहाटे शेकोट्या करून निघतात. मावशींच्या दिंडीत जमातीतल्या ज्या बायका असायच्या त्या त्या वर्षी आल्या नाहीत. त्या एकट्याच निघाल्या, परक्या बायकांच्या रांगेत.

वाटेत मुक्कामाच्या कीर्तनात ज्ञानदेवांच्या आईवडिलांची कथा झाली. ती आपल्या सगळ्यांना पाठ आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, आणि आळंदीच्या धर्मपंडितांनी कुटुंबाला वाळीत टाकलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही संन्याशाची पोरं ठरली. शेवटी देहान्त प्रायश्चित्ताखेरीज सुटका नाही असं सांगण्यात आलं, आणि विठ्ठलपंत-रुक्मिणीबाईंनी ते स्वीकारलं. नदीत देह ठेवला, असं परंपरा सांगते. तरीही मुलांना समाजात घेतलं नाही. त्यांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभं राहावं लागलं.

ही कथा ऐकताना आपण डोळे पुसतो आणि पुढच्या अभंगाकडे जातो. मावशी तिथे अडल्या. परत आल्यावर त्यांनी मला जे सांगितलं, ते मी त्यांच्याच शब्दांत देते: "ताई, त्या दोघांनी जीव दिला. जीवाच्या वर दंड असतो का? तरी पोरांना घेतलं नाही. मग माझ्या दोन पाटल्यांनी कोणाचं पोट भरणार? आज मी दंड भरंल, उद्या जावयाला घरात घेतला म्हणून परत बसवतील."

मी इतकी वर्षं हे काम करते, दंड भरू नका हे लोकांना समजावताना माझी दमछाक होते. दंड भरल्याने बहिष्कार संपत नाही, पंचांची भूक वाढते, हे सांगायला मी इतर प्रकरणांचे दाखले देते. मावशींना तो दाखला तेराव्या शतकातल्या एका घरातून मिळाला आणि तो माझ्या सगळ्या दाखल्यांपेक्षा खोल उतरला. श्रद्धा विचार बंद पाडते असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर लक्षात घ्यावा. ऐकलेल्या कथेतून ही बाई आपल्या परिस्थितीपर्यंत स्वतः चालत आली.

त्या कथेतलं आणखी एक मावशींना भिडलं. ज्या मुलांना बहिष्कृत केलं त्यांतल्या थोरल्याला, निवृत्तीनाथांना, ब्रह्मगिरीच्या फेरीत त्यांचे गुरू गहिनीनाथ भेटले, अशी श्रद्धा आहे. घर बंद झालं, गाव बंद झालं, तेव्हा डोंगरात दार उघडलं. "ज्याला सगळ्यांनी टाकलं त्याच्या समाधीला आज लाखो माणसं येतात," मावशी म्हणाल्या. इथे मी त्यांना अडवलं होतं. विठ्ठलपंतांनी आणि रुक्मिणीबाईंनी ते काही पाहिलं नाही. देव आपल्या हिशेबाच्या वेळेत येईलच, असं या कथेतून काढता येत नाही. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी कुठं वेळ मागितला? मी त्याला फक्त सांगितलं, मला यांच्यासारखी होऊ देऊ नको." पंच आणि दीर मरोत असं त्यांनी कधीही मागितलं नाही. पसायदानात ज्ञानदेव खळांचा नाश मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा गळावा एवढंच मागतात. मावशी ते रोज म्हणतात, आणि माझ्या अनुभवात फार थोडी माणसं ते इतकं मनापासून पाळतात.

"सोडलंय म्हणूनच पोलिसांत जाते"

दिंडीतल्या एका वडीलधाऱ्या महाराजांकडे मावशींनी सल्ला मागितला. ते सज्जन आहेत. त्यांनी सांगितलं, "माउली, कोर्टकचेरीत पडू नका. सगळं पांडुरंगावर सोडा." मावशींनी पाया पडून उत्तर दिलं, "सोडलंय महाराज, म्हणूनच पोलिसांत जाते. नाहीतर भीतीनं घरात बसले असते."

हे उत्तर मला या संपूर्ण प्रकरणाचा कणा वाटतं. देवावर सोडण्याचा सल्ला देणारी माणसं बहुतेकदा स्वतःला त्रास नको म्हणून तो देतात. मावशींनी भीती देवावर सोडली आणि पावलं स्वतःकडे ठेवली.

पावलं सोपी नव्हती. पहिल्या खेपेला ठाण्यात अर्ज ठेवून घेतला आणि सांगितलं, "समाजाचं आहे, समाजात मिटवा." अशा वेळी कायद्याची प्रत हातात असणं फार उपयोगी पडतं. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१७ मध्ये अमलात आला. आज अमलात असलेला, या विषयावरचा देशातला हा पहिला कायदा मानला जातो. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नुसता निवाडा देणाऱ्यालाच नव्हे, बहिष्कारासाठी लोकांना चिथावणाऱ्यालाही तो लागू आहे. याआधी मुंबई राज्यात १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा होता, पण १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. देवाधर्माच्या नावाखाली लपणाऱ्यांना हाताळणं कायद्यालाही किती जड जातं, हे त्यावरून कळतं.

अडचण पुराव्याची असते. बहिष्कार तोंडी टाकला जातो, कागद नसतो, साक्षीदार जमातीतलेच असतात. इथे दोन गोष्टी हाताला लागल्या. जमातीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका पंचाने आवाजी संदेश टाकला होता: त्या घराशी कुणी बोललं तर त्यालाही तोच दंड. मोठ्या मुलाला ग्रुपमधून काढायच्या आधी तो त्याच्या फोनमध्ये उतरला होता. दुसरी गोष्ट म्हणजे टेम्पो. मार्केट यार्डातून माल आणायला मावशींना सामायिक टेम्पोत घेणं ज्या आठवड्यात बंद झालं, त्या आठवड्यापासून त्यांनी स्वतंत्र रिक्षाचं भाडं वहीत लिहून ठेवलं होतं. हिशेबाची सवय, दुसरं काही नाही. बहिष्काराने धंद्यावर काय परिणाम झाला याचा तो रोजचा, तारखेवार पुरावा ठरला. अशा प्रकरणात सापडलेल्या कुणी हे वाचत असेल तर त्यांना कळकळीने सांगते: संदेश पुसू नका, नवा खर्च लिहून ठेवा, कोऱ्या कागदावर सही देऊ नका, आणि दिली असेल तर तसं अर्जात नमूद करा.

दुसऱ्या खेपेला अंनिसचे कार्यकर्ते सोबत आले. त्यांच्यातला एक जण देव मानत नाही आणि ते तो लपवत नाही. समितीची भूमिका देवाधर्माला विरोध करण्याची नाही, त्यांच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला विरोध करण्याची आहे. ठाण्याच्या बाकावर तो आणि माळकरी मावशी शेजारी बसून होते. त्याने चहा आणला, मावशींना एकादशी होती, तर तो खाली जाऊन शेंगदाण्याचे लाडू घेऊन आला. गुन्हा नोंदवला गेला.

सासूबाई गेल्या

सगळ्यात कठीण वेळ त्यानंतर आली. गुन्हा नोंदवल्यावर पंच काही आठवडे गप्प होते, पण निरोप फिरत होता की देव बघून घेईल. आणि मावशींच्या सासूबाई गेल्या. वय झालेलं होतं, आजार जुना होता. जमातीत मात्र एकच बोललं गेलं, की देवाने पहिला घाव घातला.

सकाळी आठपासून मयत दारात होती. सासूबाईंना स्वतःचा एक मुलगा जिवंत होता, तेच ते दीर. ते आले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी जमातीतले दहा-बारा पुरुष उभे होते, आत कुणी येत नव्हतं. मोठा मुलगा म्हणाला, "आई, शववाहिका बोलवू आणि नेऊ." मावशी म्हणाल्या, "थांब." कशासाठी थांबायचं हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्या सासूच्या उशाशी बसून नामस्मरण करत राहिल्या.

पंचांच्या हातातलं खरं शस्त्र हेच असतं. दंड एकदाचा भरला जातो, पण मयतीला खांदा न मिळण्याची धास्ती माणसाला आयुष्यभर वाकवते. पुष्कळ धट्टीकट्टी माणसं याच धास्तीपायी शरण जाताना मी पाहिली आहेत.

दहाच्या सुमारास दिंडीतली माणसं आली. कुणी कळवलं ते पुढे कळलं: कोपऱ्यावरच्या मुस्लिम रिक्षावाल्याने, जो मावशींचा माल आणायचा, त्याने मावशींच्या फोनमधून विणेकरी बुवांचा नंबर घेऊन लावला होता. ते महाराजही आले, ज्यांनी कोर्टकचेरी नको म्हटलं होतं. टाळ होते, वीणा होती. तिरडी बांधली गेली. दोन नातू, रिक्षावाला आणि दिंडीतले लोक आळीपाळीने खांद्याला लागले. जावई मागे उभा होता. मावशींनी त्याला हाताने पुढे केलं. अभंग म्हणत सासूबाई अमरधामला गेल्या. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्यांपैकी दोन तरुण थोडं अंतर ठेवून मागून चालत होते. संध्याकाळी कडू घास शेजारच्या चार घरांतून आला, चारही वेगवेगळ्या जातींची.

मी तिथे होते. त्या दिवशी काही चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. पण वारकऱ्यांचा देव कसा आहे ते आठवावं. तो जनाबाईसोबत दळतो, चोखोबांसोबत राबतो, अशाच त्याच्या कथा आहेत. देव येतो तो कामाला हात लावायला येतो, या समजुतीत वाढलेल्या बाईने खांद्याला लागलेल्या माणसांत देव पाहिला तर त्यात मला तरी काही चूक दिसत नाही. मावशी त्याबद्दल एवढंच म्हणाल्या, "त्याला यायचं होतं, म्हणून मी थांबले."

दहाव्या दिवशी रामकुंडावर सासूबाईंची दशक्रिया झाली. मुलगी आली होती, आजीसाठी रडत होती. पिंडाला कावळा शिवणार नाही, अशी बोलवा पंचांच्या माणसांनी आधीच उठवली होती. कावळा लवकर शिवला की उशिरा, हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. मावशींनी तिकडे पाहिलंच नाही. "सासूबाईंची इच्छा मला ठाऊक होती," त्या म्हणाल्या, "नात समोर बसावी. ती बसली."

जे परत आलं नाही

धाकट्याची सोयरीक मोडली आणि ती मोडलेलीच राहिली. तो बहिणीशी बोलत नाही, आईशीही कमीच बोलतो, आणि त्याचं दुःख खोटं नाही. त्याला कुणी विचारलं नव्हतं. श्रद्धेच्या बळावर लढणारा माणूस घरातल्या इतरांनाही त्या लढाईत ओढतो, आणि त्यांची श्रद्धा तेवढी असतेच असं नाही. या मुलासोबत बसून बोलायला कुणी हवं होतं आणि आम्ही सगळे आईभोवती होतो. अशा कामात घरातल्या प्रत्येकासाठी वेगळा माणूस नेमायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

धंदा काही महिने तोट्यात गेला. जमातीतल्या ज्या बायकांसोबत तीस वर्षं भाजी विकली, त्यांच्यापैकी दोघी आता बोलतात, तेही बाजार उठल्यावर. मावशींच्या तब्येतीत साखर निघाली. रात्री झोप नव्हती असं त्या आता कबूल करतात. देवावर भरवसा असणाऱ्याला काळजी वाटत नाही, ही समजूत खरी नाही. त्यांना काळजी वाटत होती, आणि त्या काळजीसकट रोज पहाटे उठून माळ ओढत होत्या.

जमातीत हालचालही झाली. खांद्याच्या दिवशी मागून चालत आलेल्या दोघा तरुणांपैकी एकाने जबाब दिला. याच पंचांनी पूर्वी दंड घेतलेली दोन कुटुंबं पुढे आली. त्यातल्या एका घराने सोयरीक टिकावी म्हणून शेतीचा तुकडा विकून दंड भरला होता आणि तरी त्यांना पंगतीत बसू देत नव्हते. विठ्ठलपंतांच्या कथेवरून मावशींनी जे ताडलं होतं ते इथे त्यांच्या दारात चालत आलं.

सध्याची स्थिती

खटला न्यायालयात आहे. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर या कायद्यात तडजोडीची वाट आहे, आणि गेल्या दिवाळीनंतर दिरांकडून तसा निरोप आला. आईच्या मयतीला न आल्याचं त्यांना आत कुठेतरी लागलं आहे, असं त्यांच्या बायकोने मावशींना सांगितलं. मावशींनी दारात आलेल्या जावेला आत घेतलं, चहा दिला.

तडजोडीला त्यांनी नकार दिला नाही, अटी सांगितल्या. पंचांनी समाजासमोर उभं राहून बहिष्कार मागे घेतल्याचं सांगावं. कोऱ्या स्टॅम्प पेपरवरची सही परत द्यावी. आणि बाकीच्या दोन कुटुंबांचा घेतलेला दंड परत करावा. पहिल्या दोन अटींना पंच तयार झाले. तिसरीला नाही, कारण एकाचे पैसे परत दिले तर मागच्या वीस वर्षांतले सगळेच मागायला येतील, असं त्यांचं म्हणणं आहे. वकिलांनी मावशींना विचारलं की तुमचं काम दोन अटींत होतंय, तिसरी सोडायची का. त्या म्हणाल्या की त्या घरांनी त्यांच्या शब्दावर जबाब दिले आहेत, त्यामुळे तिसरी अट राहील. त्यामुळे तडजोड अडली आहे, साक्षीदारांची तपासणी सुरू व्हायची आहे, आणि दंड घेतलेल्या आणखी एका घराने मागच्याच आठवड्यात आमच्याकडे कागद आणून दिले आहेत.